बटण न दाबताच वाजणारी शेगडी

आषाढात कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातले बंद बंगले बहुधा शुक्रवारी रात्री उघडतात. पंधरा-वीस दिवस दार लावून ठेवलेल्या घराला कुबट वास येत असतो, गाद्या ओलसर लागतात, काडेपेटीतली काडी घासून घासून पेटत नाही. मग चहासाठी इंडक्शन शेगडीचा भिंतीवरचा स्विच दाबावा, तर ती एकसारखी वाजू लागते. तिला कुणी हातही लावलेला नसतो. पडद्यावर ‘ई’ आणि पुढे एखादा आकडा. शेजारच्या मायक्रोवेव्हवर घड्याळाच्या जागी ‘एसई’ अशी अक्षरं. घर राखणारा माणूस वर सांगतो की रात्री आतून काहीतरी आपोआप वाजत होतं, म्हणून तो ओट्याकडे फिरकलाच नाही.

यात भुताटकी काही नाही. यंत्राची समजूत एवढीच झालेली असते की एखादं बटण कुणीतरी दाबून धरलंय आणि सोडतच नाहीये. दुरुस्तीवाले याला ‘की शॉर्ट’ किंवा ‘बटण अडकलं’ म्हणतात. गंमत अशी की बटण बहुतेक वेळा अडकलेलं नसतंच. बोटानं चाचपून पाहिलं तर पॅनेल सपाट आणि गुळगुळीत. जे अडकलंय ते आत असतं, कागदाइतक्या पातळ दोन पापुद्र्यांच्या मध्ये.

अमेरिकेत ओव्हन आणि चार चुली एकत्र असलेली कुकिंग रेंज घरोघरी असते, तिथे हा दोष इतका ओळखीचा आहे की कंपन्यांनी त्याला ठरावीक खुणा देऊन ठेवल्यात. जीईच्या बऱ्याच रेंजवर ‘एफ ७’ उमटतं, फ्रिजिडेअरवर ‘एफ ११’. सॅमसंगच्या मायक्रोवेव्हवर ‘एसई’ येतं आणि पडद्यावरचा एस पाचाच्या आकड्यासारखा दिसत असल्यानं अर्धे लोक ते ‘५ ई’ असं वाचतात. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलांवर ‘सी-डी०’ दिसतं. आपल्याकडच्या इंडक्शन शेगड्यांचं मात्र एकमत नाही. एका कंपनीचा ‘ई १’ म्हणजे भांडं ठेवलेलं नाही, दुसरीचा ‘ई १’ म्हणजे व्होल्टेज कमी. त्यामुळे शेजाऱ्याच्या शेगडीचा अनुभव इथे कामाचा नाही. सोबत मिळालेली पुस्तिका आपण पहिल्याच दिवशी खोक्यासकट रद्दीत घालतो, ती ठेवायला हवी होती हे अशा वेळी आठवतं.

मायक्रोवेव्हचं जे पॅनेल आपण दाबतो त्याला मेम्ब्रेन कीपॅड म्हणतात. वर आकडे छापलेला प्लास्टिकचा पापुद्रा, त्याखाली पॉलिस्टरचे आणखी दोन पापुद्रे आणि त्या दोघांच्या मध्ये जागोजागी गोल भोकं पाडलेला एक पातळ थर. दोन्ही पापुद्र्यांवर चांदीची भुकटी मिसळलेल्या शाईनं रेघा छापलेल्या असतात. होय, खरी चांदी. तिच्यातून वीज सगळ्यात सहज वाहते. बोटानं दाबलं की वरचा पापुद्रा भोकातून खाली टेकतो, दोन रेघांची गाठ पडते आणि बोट उचललं की त्या पुन्हा वेगळ्या होतात. अंतर केसभराचं. या सगळ्या रेघा एका चपट्या रिबनमधून खाली उतरतात आणि कंट्रोल बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये जातात.

वीस बटणांसाठी वीस तारा लागत नाहीत. पाच आडव्या आणि चार उभ्या अशा नऊच रेघा पुरतात, कारण आडवी-उभी जिथे छेदतात तिथे एकेक बटण बसतं. बोर्डावरची चिप सेकंदाला कितीतरी वेळा एकेका आडव्या रेघेवर वीज सोडून उभ्या रेघांकडे बघते. कुठे पोचली, त्यावरून कुठलं बटण दाबलं ते तिला कळतं. या काटकसरीची किंमत बिघाडाच्या दिवशी मोजावी लागते. दोन शेजारच्या रेघा आतून चिकटल्या की एक बटण बिघडत नाही, अख्खी रांग बिघडते. ‘तीन’ दाबल्यावर ‘तीन’ आणि ‘सहा’ दोन्ही लागतात, ‘स्टॉप’ चालत नाही, ‘स्टार्ट’ दोनदा वाजतं. बिघाड विचित्र दिसू लागला की समजावं, मामला एका बटणाचा नसून रेघांचा आहे.

बटण वाजवीपेक्षा जास्त वेळ दाबलेलं दिसलं, की चिप शहाणपणा करते. माणूस इतका वेळ बटण दाबून धरत नाही, म्हणजे काहीतरी चुकलंय, असं मानून ती गरम करणं बंद करते, खूण दाखवते आणि ओरडत बसते. कानाला त्रास होतो खरा, पण हे ओरडणं आपल्या भल्याचं आहे.

आता पावसाकडे यायला हवं. रायगड जिल्ह्याची वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे, माथेरानला तर पाच हजारांच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी ढग अडतात आणि कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या गावांवर रिते होतात. याच पावसावर या भागाचं एक मोठं काम उभं राहिलं. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोट्याच्या तळ्यांत पाणी साठवायचं, नळांतून खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक शेगड्या स्वयंपाकघरात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख वीज पिकवत होता. त्याच तालुक्यांतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये चूल आजही पेटते आणि तिच्यावर कुठलीही खूण उमटत नाही, हेही खरं.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत इथली सकाळची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. डब्याचं झाकण सैल राहिलं की पापड सादळतात, तशी घरातली प्रत्येक पातळ वस्तू सादळते. कीपॅडचे पापुद्रे कडेनं चिकटवलेले असतात. वर्षानुवर्षं वाफ आणि तेल खाऊन तो चिकटा सुटतो आणि हवेतली ओल आत शिरते. तिच्या जोडीला ओट्याची स्वच्छता. फवाऱ्याच्या बाटलीतला साबण थेट पॅनेलवर मारून पुसायची सवय अनेकांना असते. तो द्रव कडेच्या फटीतून सरकून मागे जातो आणि तिथून बाहेर यायला त्याला वाट नसते.

ओल आत गेली की लगेच शॉर्ट होतं असं नाही. खरी करामत सावकाश घडते. शेजारशेजारच्या दोन चांदीच्या रेघांवर पाचेक व्होल्टचा फरक असतो. मध्ये ओलीचा पातळ थर असला, तर धन बाजूची चांदी कणाकणानं विरघळते, ओलीतून सरकत ऋण बाजूला पोचते आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसते. हळूहळू तिला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात आणि एक दिवस ती समोरच्या रेघेला टेकते. कीपॅड सोलून भिंगाखाली धरला, तर दोन रेघांच्या मध्ये काळपट, बारीक, दातेरी नक्षी दिसते. तीच ती. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी टेलिफोनच्या यंत्रांमध्ये चांदी अशी दमट हवेत वाट काढते, हे १९५५ साली सविस्तर मांडलं होतं.

या नक्षीची एक खोड दुरुस्तीवाल्यांना हैराण करते. फांदी पुरती टेकलेली नसेल, तर मधली दरी ओल भरून काढते. म्हणजे पावसात शॉर्ट आणि कोरड्या हवेत ठणठणीत. मायक्रोवेव्ह उचलून पनवेलच्या किंवा कल्याणच्या दुकानात नेला, पंख्याखाली दोन दिवस पडला, की तो मुकाट्यानं चालू लागतो. दुकानदार म्हणतो, याला काहीच झालेलं नाही. कर्जतला परत आणून ओट्यावर ठेवला, आठवडाभर पाऊस लागला, की पुन्हा तेच ओरडणं. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदारानं फसवलं, दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक नीट वापरत नाही. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. बिघाड केव्हा दिसतो आणि केव्हा दिसत नाही, हे म्हणूनच कारागिराला आवर्जून सांगावं: ‘पावसात होतं, दुपारी ऊन आलं की जातं.’ या एका वाक्यानं त्याचं निम्मं काम होतं.

इंडक्शन शेगडीची गोष्ट थोडी वेगळी. स्वस्तातल्या शेगड्यांमध्ये वरच्या छापील कागदाखाली छोटी चौकोनी बटणं असतात, दाबली की टिक्‌ आवाज करणारी. दुरुस्तीवाले त्यांना टॅक्ट स्विच किंवा मायक्रो स्विच म्हणतात. बऱ्याच बोर्डांवर सगळी बटणं एकाच तारेवर टांगलेली असतात. प्रत्येक बटणाबरोबर वेगळा रेझिस्टर, त्यामुळे प्रत्येक बटणाला चिपपर्यंत वेगळं व्होल्टेज पोचतं आणि त्यावरून ती बटण ओळखते. स्विचमध्ये ओल आणि तेलाची वाफ शिरली, की थोडी वीज गळते, व्होल्टेज घसरतं आणि चिप भलतंच बटण ओळखते. ‘प्लस’ दाबलं की टायमर लागतो, ‘दूध’ दाबलं की शेगडी बंद होते. अशा शेगडीचा बोर्ड बदलण्याआधी बटणं बदलून पाहावीत. सुटं बटण दोन-पाच रुपयांना मिळतं. कौशल्य लागतं ते जुनं सोडवून नवं झाळण्याला.

काचेवर बोट टेकवायच्या महागड्या शेगडीत दाबायचं काही नसतंच. काचेखाली धातूच्या स्प्रिंगा टेकलेल्या असतात आणि बोट जवळ आल्यानं विजेच्या भारात पडणारा बारीक फरक चिप मोजते. पाण्याचा थरही तिला बोटासारखाच वाटतो. दूध उतू जाऊन काचेवर पसरलं की शेगडी वाजून बंद पडते, ते यामुळे. त्यातही एक मेख आहे. अशी बरीच पॅनेलं चालू होताना त्या क्षणीची स्थिती ‘बोट नाही’ म्हणून धरतात. नेमकी तेव्हा काच ओली असेल, तर हिशेब मुळातच चुकीच्या आकड्यापासून सुरू होतो आणि पुढे काच पुसली तरी बटणं ऐकत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भिंतीवरचा स्विच बंद, मग काच पुसून पूर्ण कोरडी, मग स्विच चालू. लोक नेमकं उलट करतात. चालू शेगडीवर ओलं फडकं फिरवतात आणि मग तिला दोष देतात.

आणि प्राणिमात्र. शेगडीच्या पोटात पंखा असतो, तळाला जाळी असते आणि बोर्ड उबदार असतो. पावसाळ्यात मुंग्यांना, झुरळांना आणि पालीच्या पिल्लांना याहून बरी जागा कोणती मिळणार? बटणांच्या टाक्यांवर साठलेली मुंग्यांची माती आणि झुरळांची घाण ओल धरून ठेवते आणि वीज गळू देते. पाल मोठ्या व्होल्टेजच्या टोकांवर सापडली, तर फ्यूज उडतो आणि तिचाही जीव जातो. शेगडी ओट्याला चिकटून न ठेवता थोडी उंच ठेवावी आणि महिन्यातून एकदा, प्लग काढून, तळाची जाळी ब्रशनं झाडावी. एवढं केलं तरी पुष्कळ टळतं.

घरच्या घरी काय करता येईल? सगळ्यात आधी खात्री करावी की चाइल्ड लॉक लागलेलं नाही. बटणं ऐकत नाहीत अशा तक्रारींमध्ये हे हमखास निघतं. पॅनेलवर कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह पेटलेलं असेल, तर ते बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की काम होतं आणि कारागिराची फेरी वाचते. ते नसेल, तर प्लग काढून यंत्राला दहा मिनिटं निवांत पडू द्यावं. नुसतं यंत्राचं बटण बंद करून उपयोग नाही, चिपची वीज तुटायला हवी. कर्जतकडे पावसात फांद्या तारांवर पडून वीज जाते-येते, त्या धक्क्यानं गोंधळलेली चिप एवढ्यानं ताळ्यावर येते.

दहा मिनिटांनी खूण पुन्हा आली, तर घड्याळ बघावं. लावल्या लावल्या आली की बटण किंवा रेघ आताच चिकटलेली आहे. पाच-दहा मिनिटांनी, यंत्र तापल्यावर आली, तर वाफ किंवा उष्णता काहीतरी करते आहे. ओलीचा संशय असेल, तर प्लग काढून ठेवून टेबल फॅनचा वारा पॅनेलवर दिवसभर द्यावा. केस वाळवायचा ड्रायर चालतो, पण मंद गरमीवर आणि वीतभर अंतरावरून. प्लास्टिकचा पापुद्रा तापून फुगला, तर चालणारी बटणंही जातात. उन्हात ठेवायचा मोह होतो. आषाढात ऊन मिळालं तर जरूर ठेवावं.

यापुढचं काम कारागिराचं. हे नुसतं भिववण्यासाठी सांगितलेलं नाही. मायक्रोवेव्हच्या पोटातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला असू शकतो. भार आपोआप उतरावा म्हणून त्यात एक रेझिस्टर बसवतात, पण तो जळालेला असला तर बाहेरून कळत नाही. इंडक्शनमध्येही भिंतीतली २३० व्होल्टची वीज सरळ केल्यावर सव्वातीनशेच्या आसपास जाते. यूट्यूबवर झाकण उघडणारा माणूस आधी भार उतरवतो, तो भाग चित्रफितीत बहुधा कापलेला असतो.

चांगला कारागीर कसा ओळखावा, त्याची एक खूण आहे. तो आल्या आल्या ‘बोर्ड गेलाय’ म्हणत नाही. वीज तोडून, भार उतरवून, तो कीपॅडची रिबन बोर्डाच्या कनेक्टरमधून सोडवतो आणि झाकण लावून यंत्र परत चालू करतो. रिबन काढल्यावर अडकल्याची खूण गेली, तर दोष कीपॅडमध्ये. रिबन काढूनही बोर्ड म्हणतच राहिला की बटण दाबलेलं आहे, तर दोष बोर्डाचा. पाच मिनिटांची ही तपासणी न करता बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला घराबाहेरच थांबवावं. काही मॉडेलांत रिबन नसल्याचीच वेगळी खूण येते, ती ओळखण्याइतका अनुभव मात्र हवा.

कीपॅडवर संशय पक्का झाला, की मल्टिमीटर लागतो. रिबनच्या दोन-दोन रेघांवर टोकं टेकवून बघायचं. बटण न दाबता मीटरनं अनंत दाखवायला हवं आणि दाबल्यावर काहीशे ओहमच्या आत यायला हवं. ओल शिरलेल्या कीपॅडमध्ये तिसरंच काही दिसतं: न दाबताच हजारांत किंवा लाखांत आकडा, तोही थरथरणारा. हे अर्धवट चिकटलेलं बटण. रिबनचं टोकही बघण्यासारखं असतं. नऊ-दहा पट्ट्यांपैकी एखादी काळवंडलेली, एखादीवर हिरवट डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं ती हलकेच पुसून, वाळवून बसवली की कधीकधी तेवढ्यानंच भागतं. अनेकजण पेन्सिलीचा रबर घासतात. तांब्याच्या पट्टीला तो चालतो. कीपॅडच्या छापील पट्टीवर तो शाईच उडवतो आणि दुरुस्त होऊ शकणारी रिबन कायमची वाया जाते.

आतून चांदीची नक्षी वाढलेला कीपॅड मात्र दुरुस्त होत नाही. पापुद्रे सोलून पुसून पुन्हा चिकटवायचे प्रयोग लोक करतात, ते एखादा मोसम टिकतात. नवा कीपॅड घालावा, हा सरळ मार्ग.

बटण अडकण्याचा खरा धोका केव्हा? मायक्रोवेव्हचं दार उघडं असलं तर तो चालूच होत नाही. इंडक्शनवर भांडं नसेल तर ती तापत नाही, थोडा वेळ शोधून बंद होते. म्हणून रिकाम्या शेगडीचं वाजणं त्रासाचं असलं तरी तितकं घातक नाही. भांडं वर असेल तर गोष्ट बदलते. आतल्या तारांनी तापणाऱ्या काचेच्या चुलींना तर भांड्याचीही गरज नसते. व्हर्लपूल कंपनीनं ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत टच पॅनेलच्या सुमारे २६ हजार काचेच्या चुली परत मागवल्या, कारण त्या आपोआप चालू होत होत्या. कंपनीकडे अशा १३३ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी १४ मध्ये उष्णतेनं नुकसान झालं होतं आणि चार ठिकाणी वर ठेवलेल्या वस्तूंनी पेट घेतला होता. तिथल्या ग्राहकांना सांगण्यात आलं ते साधं होतं: वापर नसेल तेव्हा मुख्य स्विच बंद ठेवा आणि चुलीवर काही ठेवू नका.

कर्जत-खालापूरच्या शनिवार-रविवारच्या घरांना हे शब्दशः लागू पडतं. रविवारी संध्याकाळी लोकल गाठायच्या किंवा एक्स्प्रेसवे धरायच्या घाईत शेगडीवर कढई तशीच राहते, स्वयंपाकघराचा एमसीबी चालू राहतो आणि घर पंधरा दिवस बंद. निघताना शेगडी मोकळी करावी, प्लग काढावा. यात सुरक्षेबरोबर आणखी एक फायदा आहे. चांदीला फांद्या फुटायला ओल आणि व्होल्टेज दोन्ही लागतात. ओल आपल्या हातात नाही, व्होल्टेज आहे. प्लग काढलेल्या मायक्रोवेव्हचा कीपॅड दमट हवेत पडून राहिला, तरी ही वाढ थांबते. घरात अर्थिंग नीट आहे की नाही, हेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावं. शेगडीच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते नीट नाही.

थोडा दोष कंपन्यांकडेही जातो. बोर्डावर ओल-बुरशीपासून वाचवणारा लाखेसारखा थर द्यायची पद्धत दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. तेव्हा उष्ण कटिबंधात पाठवायच्या लष्करी रेडिओंवर तो मुद्दाम चढवत. आपल्या बाजारातल्या स्वस्त शेगड्यांमध्ये बोर्ड बऱ्याचदा उघडाच असतो. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे सुटे भाग. कीपॅड वेगळा मिळत नाही, पॅनेलसकट पूर्ण दर्शनी भाग घ्या, असं उत्तर येतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवा मायक्रोवेव्ह घेतो. कारागीर मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळताजुळता कीपॅड शोधतात. मॉडेलचा पूर्ण क्रमांक जवळ असेल तर तो सापडायची शक्यता वाढते. हा क्रमांक दाराच्या आतल्या कडेला किंवा पाठीमागच्या पट्टीवर असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पावसाळ्यात तो स्टिकरही पुसट होतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. सहभागी कंपन्यांची सेवा केंद्रं, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती तिथे मिळते. पोर्टल म्हणजे माहितीचा फलक. कीपॅड सुटा विकायला तो कुणाला भाग पाडत नाही. तरी दुरुस्तीवाल्याचं ‘पार्ट येतच नाही’ हे वाक्य पडताळून बघायला तो उपयोगी आहे.

वॉरंटीच्या काळात कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोपोलीचं वीजघर सुरू झालं तेही १९१५ सालीच, त्यामुळे खालापूरकरांना तो लक्षात ठेवायला सोपा जावा. कारागिरानं जे सांगितलं ते कागदावर लिहून घ्यावं: कुठला भाग गेला, कसा तपासला, किती पैसे घेतले. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. पुढे वाद झालाच, तर रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, पण २०१९ च्या कायद्यानं तक्रार ऑनलाइनही करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो.